पोहणं, पोहायला आणि स्विमिंग : इंग्रजी जेरंडचा आढावा

शिवोलीच्या बाजूने शापोरा नदीवरचा पूल उतरला की गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं चोपडे लागतं. इथून पुढे मोरजी, आश्वे, मांद्रे अशी किनाऱ्याची गावं, आणि रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवर इंग्रजीचा एकच प्रत्यय सारखा भेटत राहतो. ‘नो पार्किंग’, ‘रूम बुकिंग’, ‘काइट सर्फिंग’. मोरजीला सागरी कासवं अंडी घालायला येतात तो पट्टा ‘टर्टल नेस्टिंग साइट’, आणि जीवरक्षकांनी लाल बावटा लावला की ‘नो स्विमिंग’.

बोलण्यातही हा ‘-इंग’ केव्हाच मुरला आहे. घराचं वायरिंग होतं, ग्रिलचं वेल्डिंग होतं, पंचायतीची मीटिंग होते, क्रिकेटच्या मैदानात फिल्डिंग लागते. यातल्या प्रत्येकाचं लिंगसुद्धा मराठीने परस्पर ठरवून टाकलं : वायरिंग ‘ते’, मीटिंग ‘ती’. क्रियापदाला ‘-इंग’ लागलं की त्याचं नाम होतं, हे मराठी माणसाला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं.

तरीही नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली की गाडी इथेच अडते. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं. विमानतळ, किनाऱ्यावरची हॉटेलं, क्रूझची जहाजं अशा कुठल्याही नोकरीसाठी पेडण्यातल्या तरुणाला इंग्रजी अर्ज आणि मुलाखत चुकत नाही. अशा अर्जांत तीन वाक्यं हमखास सापडतात. ‘आय ॲम इंटरेस्टेड टु जॉइन युवर हॉटेल.’ ‘आय एन्जॉय टु वर्क विथ पीपल.’ ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू.’ तिन्ही वाक्यांचा अर्थ कळतो आणि तिन्ही वाक्यं चुकलेली आहेत. चूकही एकच : जिथे ‘जॉइनिंग’, ‘वर्किंग’, ‘मीटिंग’ हवं तिथे साधं क्रियापद बसलं आहे.

ही चूक अज्ञानातून होत नाही. ती मराठीच्या एका विशिष्ट रूपावर जास्त विसंबल्यामुळे होते, आणि तिचा उताराही मराठीच्याच दुसऱ्या काही रूपांमध्ये सापडतो.

नाम, पण क्रियापदाच्या सवयींचं

क्रियापदाला ‘-इंग’ लागून ते वाक्यात नामाची जागा घेतं तेव्हा त्या रूपाला जेरंड म्हणतात. मराठी व्याकरणातलं धातुसाधित नाम ते हेच : पोहणं, खाणं, बोलणं. त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ते कर्ता होतं : ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’, पोहणं हा चांगला व्यायाम आहे. ते कर्म होतं : ‘शी स्टॉप्ड स्मोकिंग’. ते ‘इज’नंतर येऊन कर्त्याची ओळख सांगतं : ‘हिज हॉबी इज कुकिंग’. आणि ते ‘इन’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘बिफोर’ अशा शब्दयोगी शब्दांच्या मागून येतं : ‘बिफोर क्रॉसिंग द रिव्हर’, नदी ओलांडण्याआधी.

जेरंडला नाम म्हटलं तरी क्रियापदाच्या सवयी त्याला सुटत नाहीत. ते स्वतःचं कर्म बाळगतं, क्रियाविशेषणही घेतं. ‘रॅश ड्रायव्हिंग’ हे शब्द गोव्यात लहान मुलंही उच्चारतात. त्यात ‘रॅश’ हे विशेषण आहे, म्हणजे ‘ड्रायव्हिंग’ इथे पुरतं नाम झालेलं आहे. पण ‘ड्रायव्हिंग अ बस रॅशली’ म्हटलं की तेच ‘ड्रायव्हिंग’ बसला कर्म म्हणून घेतं आणि ‘रॅशली’ हे क्रियाविशेषणही मिरवतं. जेरंड म्हणायचं ते मुख्यतः या दुसऱ्याला.

इंग्रजीत दोन्ही रूपं दिसायला एकच, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतो. मराठीत मात्र ती दिसायलाही वेगळी आहेत. ‘भात कापणं’ आणि ‘भाताची कापणी’ ही जोडी पाहावी. ‘कापणं’ आपलं कर्म थेट घेतं : भात. ‘कापणी’ला षष्ठी लागते : भाताची. लावणी, मळणी, तोडणी, पेरणी ही सगळी ‘कापणी’च्या गोतातली. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हार्वेस्टिंग राइस’ आणि दुसऱ्यासाठी ‘द हार्वेस्टिंग ऑफ राइस’. आधी ‘द’ आला की मागून ‘ऑफ’ यावा, नाहीतर दोन्ही गाळावेत, हा आग्रह लिंडली मरे यांनी आपल्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात धरला होता. ‘द हार्वेस्टिंग राइस’ अशी अर्धवट रचना आजही खटकते. विद्यार्थ्याने एवढंच पाहावं की मनातलं मराठी ‘कापणं’ आहे की ‘कापणी’. ‘ऑफ’ लावायचा की नाही ते तिथेच कळतं.

एक नाव, तीन भाषा

‘जेरंड’ हे नाव लॅटिनमधून आलं, आणि लॅटिनचा जेरंड मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. गुन्हेगारीच्या बातम्यांत चोरट्यांची ‘मोडस ऑपरेंडी’ वरचेवर छापून येते. यातलं ‘ऑपरेंडी’ हे लॅटिन जेरंडचं षष्ठीचं रूप आहे. ‘मोडस ऑपरेंडी’ म्हणजे काम करण्याची रीत. ‘मोडस व्हिवेंडी’ म्हणजे जगण्याची रीत. ‘करण्याची’, ‘जगण्याची’ यांतला ‘-ण्या’ जे काम करतो तेच तिथे ‘-एंड-’ करतं. लॅटिनच्या जेरंडला प्रथमा विभक्तीच नव्हती. कर्त्याच्या जागी लॅटिन दुसरं रूप वापरी. इंग्रजी जेरंड कर्त्याच्या जागीही बसतो. म्हणजे नाव लॅटिनचं असलं तरी चाल इंग्रजीची स्वतःची आहे.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत सरकारदरबाराची भाषा पोर्तुगीज राहिली. पोर्तुगीज व्याकरणातही ‘जेरुंदियू’ आहे, पण तो नाम नसतो. ‘फालांदु’ म्हणजे ‘बोलत’ किंवा ‘बोलून’. ‘बोलणं’ या अर्थाचं नाम हवं असेल तर पोर्तुगीज आपलं मूळ क्रियापद, ‘फालार’, वापरते. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांचा जेरंड आणि इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवाचा जेरंड या एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

त्याहून मागे गेलं तर याच भूमीवर व्याकरण लिहिणारा एक इंग्रज भेटतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये इथेच वारले. मराठी वाचक त्यांना १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणामुळे ओळखतात. त्यांचं कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं असून ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. युरोपीय पंडितांनी त्या काळी कुठलीही भाषा मांडायला घेतली की मापं लॅटिनची असत. पुढे इंग्रजीचं व्याकरणही बराच काळ त्याच मापांनी बेतलं गेलं, आणि जेरंड हे नाव असंच तिला चिकटलं.

इंग्रजीचा स्वतःचा इतिहास मात्र वेगळा. प्राचीन इंग्रजीत दोन प्रत्यय होते. क्रियेचं नाम करायला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’, आणि ‘करत असलेला’ या अर्थाचं विशेषण करायला ‘-एंड’. मध्ययुगात हे दोन प्रत्यय एकमेकांत मिसळले आणि दोन्ही कामं ‘-इंग’कडे आली. आज ‘ही इज स्विमिंग’मधलं ‘स्विमिंग’ आणि ‘ही लाइक्स स्विमिंग’मधलं ‘स्विमिंग’ हुबेहूब सारखं दिसतं त्यामागे ही जुनी सरमिसळ आहे. मराठीत अशी सरमिसळ नसल्यामुळे इथे एक सोपी कसोटी हाती लागते. ‘तो पोहतो आहे’ असा अर्थ निघाला तर ते वर्तमान कृदंत. ‘त्याला पोहणं आवडतं’ असा निघाला तर जेरंड. ‘-इंग’ दिसला की खाली रेघ मारणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण याच फरकावर जातात.

‘-ण्या’, ‘-ल्या’, ‘-ऊन’

इंग्रजी शिकवणारी बहुतेक पुस्तकं जेरंडची तुलना ‘-णे’शी करून थांबतात. ‘-णे’ हे फक्त दर्शनी रूप झालं. रोजच्या मराठीत काम करतं ते त्याचं सामान्यरूप, म्हणजे ‘-ण्या’. मराठीत ‘-ण्या’ला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की इंग्रजीत बहुधा शब्दयोगी शब्द आणि त्यामागे ‘-इंग’ येतं. रुजू होण्यात रस आहे : ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’. जाण्याऐवजी : ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’. पोहण्यापासून रोखलं : ‘प्रिव्हेंटेड फ्रॉम स्विमिंग’. भाषण करण्यात पटाईत : ‘गुड ॲट स्पीकिंग’. जेवण करण्यात गुंतली आहे : ‘बिझी कुकिंग’. बघण्यासारखं : ‘वर्थ सीइंग’.

क्रिया होऊन गेलेली असेल तर मराठी ‘-ण्या’ सोडून ‘-ल्या’कडे वळते, इंग्रजी मात्र ‘-इंग’लाच धरून राहते. मदत केल्याबद्दल आभार : ‘थँक यू फॉर हेल्पिंग’. घरी पोचल्यावर : ‘ऑन रीचिंग होम’. पैसे घेतल्याचं नाकारलं : ‘डिनाइड टेकिंग द मनी’. चूक केल्याचं कबूल केलं : ‘ॲडमिटेड मेकिंग अ मिस्टेक’. हसल्याशिवाय राहवलं नाही : ‘कुडंट हेल्प लाफिंग’. हे शेवटचं इंग्रजी वाक्य शब्दशः उलगडायला गेलं तर डोकं चक्रावतं. मराठी वाक्यातला ‘-ल्या’ ओळखला की ते सरळ होतं.

‘-ऊन’ हेही असंच. बटण दाबून : ‘बाय प्रेसिंग द बटन’. रडून उपयोग नाही : ‘इट इज नो यूज क्राइंग’. वाचून संपवलं : ‘फिनिश्ड रीडिंग’. नकारात ‘न’ आणि ‘-ता’ येतं, तिथेही हाच प्रत्यय : न विचारता, ‘विदाउट आस्किंग’. बोलत राहिला यातल्या ‘-त’साठीही ‘केप्ट टॉकिंग’. मराठी एकाच कामासाठी चार-पाच रूपं वापरते, इंग्रजी एकाच रूपावर भागवते. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना हा हिशेब विद्यार्थ्याच्या बाजूचाच आहे.

अपवाद आहेत, पण त्यांचीही ठरावीक कुळं आहेत. निर्णय, इच्छा, प्रयत्न, परवानगी, संधी अशा शब्दांच्या आधी मराठीत ‘-ण्याचा’ किंवा ‘-ण्याची’ येतं, इंग्रजीत मात्र नंतर ‘टु’ लागतो : जाण्याचा निर्णय, ‘डिसिजन टु गो’, शिकण्याची इच्छा, ‘डिझायर टु लर्न’. हेतू सांगणारं ‘-ण्यासाठी’ही ‘टु’कडे जातं. आणि ‘-ऊन’ दरवेळी साधन सांगत नाही. ‘तो जेवून गेला’ याचं इंग्रजी ‘ही एट अँड लेफ्ट’ असंच होईल.

पेडणे आणि डिचोलीत घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाजवळ याची दुसरी प्रतही असते. कोंकणीत ‘शिकप’ हे नाम आणि ‘शिकूंक’ हे हेतूचं रूप. ‘शिकपाची संवय’ यातला ‘-पा’ आणि मराठीचा ‘-ण्या’ एकाच जागी उभे असतात. ‘माका शिकूंक जाय’ हे ‘आय वाँट टु लर्न’च्या जवळचं. नामाचं रूप वेगळं आणि ‘टु’चं रूप वेगळं, ही विभागणी कोंकणी बोलणाऱ्याच्या कानात आधीच तयार असते.

‘-आयला’चा चकवा

मग अर्जातली चूक कुठून येते? ती येते ‘-आयला’मधून. ‘मला शिकायला आवडतं’, ‘तो पोहायला गेला’, ‘थांबायला हरकत नाही’ ही आपली सर्वांत सहज वाक्यं. शाळेत ‘-आयला म्हणजे टु’ असं समीकरण मनात पक्कं बसतं, आणि पुढे ‘आय एन्जॉय टु वर्क’ जन्माला येतं.

हे समीकरण टाकून द्यायचं कारण नाही, कारण कठीण मानल्या गेलेल्या जोड्यांत ते अचूक चालतं. ‘स्टॉप’ या क्रियापदामागे ‘टु’ आणि ‘-इंग’ दोन्ही येतात आणि अर्थ बदलतो. पुलावर गाडी उभी करून एकजण फोटो काढायला थांबला : ‘ही स्टॉप्ड टु टेक फोटोज’. दुसरा फोटो काढायचा थांबला : ‘ही स्टॉप्ड टेकिंग फोटोज’. मराठीत ‘काढायला’ आणि ‘काढायचा’ एवढाच फरक, पण तो बरोबर त्याच जागी पडतो.

‘फर्गेट’चंही तसंच. दार लावायला विसरला : ‘फरगॉट टु लॉक द डोअर’, दार उघडंच राहिलं. दार लावल्याचं विसरला : ‘फरगॉट लॉकिंग द डोअर’, दार लावलेलं आहे, आठवण तेवढी गेली. ‘ट्राय’ घ्या. खिडकी उघडायचा प्रयत्न केला : ‘ट्राइड टु ओपन द विंडो’, खिडकी घट्ट बसलेली असेल. खिडकी उघडून पाहिली : ‘ट्राइड ओपनिंग द विंडो’, खिडकी उघडली, तरी उकडतंच होतं. नोकरी नाकारणाऱ्या पत्रातलं ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवताना खेद होतो; ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’ म्हणजे तसं बोलल्याचा पस्तावा होतो. विद्यार्थी ज्या जोड्या घोकून पाठ करतात, त्यांची फोड मराठीने आधीच करून ठेवली आहे.

‘-आयला’ फसवतं ते मोजक्या ठिकाणी. पहिलं ‘एन्जॉय’ : पोहायला मजा येते, पण ‘एन्जॉय स्विमिंग’. दुसरं ‘माइंड’ : थांबायला हरकत आहे का, ‘डू यू माइंड वेटिंग?’ याचं उत्तर मराठीसारखंच ‘नाही’ असं दिलं की थांबायची तयारी असल्याचा अर्थ होतो. तिसरं, करमणुकीच्या किंवा नेहमीच्या कामांसाठी ‘गो’ : नदीवर गरवायला गेला, ‘ही वेंट फिशिंग’; बाजारात खरेदीला गेली, ‘शी वेंट शॉपिंग’. मात्र ठरावीक कामासाठी गेला असेल तर ‘टु’ येतो : बांगडे आणायला गेला, ‘ही वेंट टु बाय मॅकरल’. चौथं ‘नीड’ : होडी रंगवायला हवी, ‘द बोट नीड्स पेंटिंग’. होडी स्वतः काही रंगवणार नाही, रंग तिलाच लागायचा आहे. तरी इथे ‘-इंग’ कर्मणी अर्थ एकट्याने सांभाळतं. ‘द बोट नीड्स टु बी पेंटेड’ असंही म्हणता येतं, पण त्यात शब्द वाढतात.

याशिवाय ‘अव्हॉइड’, ‘सजेस्ट’, ‘पोस्टपोन’, ‘कन्सिडर’, ‘प्रॅक्टिस’, ‘रिस्क’ या क्रियापदांना ‘-इंग’च लागतं. त्यांच्या मराठी जोडीदारांत ‘-आयला’ फारसं येत नाहीच : जाणं टाळलं, जायचं सुचवलं, जाणं पुढे ढकललं, जाण्याचा विचार केला, वाजवण्याचा सराव केला, जाण्याचा धोका पत्करला. उलट ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’, ‘प्रॉमिस’ यांना ‘टु’ लागतो. ‘लाइक’, ‘लव्ह’, ‘स्टार्ट’, ‘बिगिन’ यांना दोन्ही चालतात : पाऊस पडायला लागला, ‘स्टार्टेड टु रेन’ म्हणा की ‘स्टार्टेड रेनिंग’.

आणखी एक खड्डा खुद्द ‘टु’चा आहे. ‘टु’ दोन प्रकारचे. एक क्रियापदाच्या आधी येणारा, दुसरा ‘-ला’, ‘-कडे’ या अर्थाचा शब्दयोगी. ‘लुक फॉरवर्ड टु’मधला ‘टु’ दुसऱ्या जातीचा आहे, म्हणून मागे ‘मीटिंग यू’ येतं. आपल्याला भेटण्याची उत्सुकता आहे, इथे मराठीतही ‘-ण्या’च. गोव्यात मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात. त्याला रात्री गाडी चालवायची सवय असेल तर ‘आय ॲम यूज्ड टु ड्रायव्हिंग ॲट नाइट’. पूर्वी तो रात्री गाडी चालवत असे, आता चालवत नाही, असं सांगायचं असेल तर ‘आय यूज्ड टु ड्राइव्ह ॲट नाइट’. एका ‘ॲम’मुळे ‘टु’ची जात बदलते.

‘तो येण्याआधी’ की ‘त्याच्या येण्याआधी’

जेरंडचा कर्ता कसा लिहायचा, यावर इंग्रजीत विसाव्या शतकात मोठी चकमक झाली. ‘आय डोंट लाइक हिज कमिंग लेट’ की ‘आय डोंट लाइक हिम कमिंग लेट’? फाउलर बंधूंनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात दुसऱ्या प्रकाराला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव देऊन झोडपलं. १९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात तोच हेका धरला. त्याच वर्षी डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजी साहित्यातले दाखले देऊन त्यांना उत्तर दिलं. आज औपचारिक लेखनात ‘हिज’ आणि बोलण्यात ‘हिम’ असा व्यवहार स्थिरावला आहे.

मराठीत ही दोन्ही रूपं भांडण न करता नांदतात. ‘त्याच्या येण्याआधी’ आणि ‘तो येण्याआधी’, दोन्ही बरोबर. पण ‘पाऊस पडण्याची शक्यता’ ऐवजी ‘पावसाच्या पडण्याची शक्यता’ कुणी म्हणणार नाही. निर्जीव किंवा लांबलचक कर्ता असला की षष्ठी जड होते, हे इथेही दिसतं आणि इंग्रजीतही तसंच घडतं.

स्विमिंग पूल आणि उडती विमानं

जोडशब्दांत जेरंड कुठला आणि विशेषण कुठलं, हे अर्थावरून कळतं. ‘स्विमिंग पूल’ म्हणजे पोहण्याचा तलाव. तलाव स्वतः पोहत नाही. ‘वेटिंग रूम’, ‘डायनिंग टेबल’, ‘बोर्डिंग पास’, ‘वॉकिंग स्टिक’ हे सगळे ‘-ण्याचा’, ‘-ण्याची’ या घरातले. ‘स्लीपिंग डॉग’ म्हणजे मात्र झोपलेला कुत्रा. ‘डान्सिंग टीचर’ दोन्ही होऊ शकतो : आघात ‘डान्सिंग’वर दिला तर नाच शिकवणारा, ‘टीचर’वर दिला तर नाचणारा शिक्षक. लिहिताना आघात दिसत नाही, म्हणून तिथे संदर्भच तारतो.

नोम चॉम्स्की यांच्या लेखनामुळे प्रसिद्ध झालेलं ‘फ्लाइंग प्लेन्स कॅन बी डेंजरस’ हे वाक्य याच गोंधळाचं टोक आहे. विमानं उडवणं धोक्याचं, की उडणारी विमानं धोक्याची? ‘कॅन बी’च्या जागी ‘इज’ ठेवलं तर पहिला अर्थ, ‘आर’ ठेवलं तर दुसरा. मराठीत ‘उडवणं’ आणि ‘उडणारी’ हे शब्दच वेगळे असल्याने या वाक्याचा कोडं म्हणून उपयोगच उरत नाही.

अभ्यासकांचं या सीमेवर एकमत नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या विस्तृत व्याकरणात ‘पेंटिंग’ या एकाच शब्दाची चौदा वाक्यं मांडून निव्वळ नामापासून निव्वळ क्रियापदापर्यंतची उतरंड दाखवली. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ च्या केंब्रिज व्याकरणात जेरंड आणि वर्तमान कृदंत वेगळे काढणंच सोडून दिलं आणि दोघांना मिळून एक नाव दिलं. इंग्रजीपुरतं त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, कारण तिथे रूप एकच आहे. मराठी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर जुनी विभागणी जास्त कामाची, कारण त्याच्या मनात ‘पोहणं’ आणि ‘पोहत’ हे कधीच एक नव्हते.

पाठमालेपासून वर्गापर्यंत

शिकवण्याच्या पद्धती या प्रश्नाभोवती फिरत आल्या आहेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक मराठी पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिथे मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडवायचं, म्हणजे ‘-ण्या’ आणि ‘-आयला’ सतत डोळ्यांसमोर असत. त्यानंतर जमाना आला ‘रेन अँड मार्टिन’चा. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीचे लेखकही तेच. १९३० च्या दशकातलं त्यांचं शालेय व्याकरण आजही दुकानांत मिळतं. त्यात जेरंडवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण सगळा विचार इंग्रजीतून. आताच्या पाठ्यपुस्तकांत संवादावर भर असल्याने व्याकरण छोट्या चौकटीत येतं.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. गोव्यात प्राथमिक माध्यमाचा प्रश्न राजकारणाचाच झाला. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान मराठी आणि कोंकणी प्राथमिक शाळांपुरतं ठेवण्याचं धोरण आलं. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवल्यावर त्याविरुद्ध आंदोलन उभं राहिलं. या वादात कुणाचीही बाजू घेतली तरी वर्गातली वस्तुस्थिती तीच राहते. मराठी शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेला पेडण्याचा मुलगा पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात बसतो, आणि विज्ञानाच्या पहिल्याच धड्यांत ‘ब्रीदिंग’, ‘बॉइलिंग’, ‘फिल्टरिंग’ त्याची वाट अडवतात.

या मुलाला पाचवीत ‘जेरंड’ हे नाव कळण्याची गरज नाही. श्वास घेणं, उकळणं, गाळणं ही त्याची स्वतःची रूपं ‘-इंग’शेजारी लिहून दिली की धडा पुढे सरकतो. सहावी-सातवीत ‘-ण्या’ची वाक्यं घ्यावीत, कारण शब्दयोगी शब्दामागे ‘-इंग’ हा नियम सर्वांत भक्कम आहे आणि त्यानेच सर्वाधिक चुका टळतात. त्यानंतर ‘-ल्या’ आणि ‘-ऊन’. आठवी-नववीत ‘काढायला’ आणि ‘काढायचा’सारख्या जोड्या, आणि ‘-आयला’ जिथे फसवतं त्या क्रियापदांची यादी. ती वहीच्या एका पानात मावते. ‘जेरंड ओळखा’ हा परीक्षेचा प्रश्न आणि त्याचं पारिभाषिक नाव यानंतर आलं तरी उशीर होत नाही. दहावीच्या वर्गात त्यासाठी एक तासिका पुरेशी आहे.